आरएक्स-१३५ चा स्ट्रोक वाढवताना : सुटे भाग, मापे आणि साठ हजारांचे अंदाजपत्रक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे मशिन शॉप आहे. पंपाचे इंजिन, ट्रॅक्टरचे हेड आणि दुचाकीचे ब्लॉक ही इथली रोजची कामे, पण दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा हातात आला की एखादा तरुण वेगळेच काम घेऊन येतो. हे प्रकरण अशाच एका शेतकरी कुटुंबातल्या मुलाचे आहे. त्याच्याकडे पाच गिअरची यामाहा आरएक्स-१३५ होती, इंजिन मूळ अवस्थेत पण थकलेले होते, आणि बंदिस्त मैदानावरच्या ड्रॅग स्पर्धेत दोन-स्ट्रोक गटात उतरायचे त्याच्या मनात होते. खर्चाची मर्यादा साठ हजार रुपये ठरलेली होती. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वाढवणारी ऑफसेट पिन आणि तिच्यासोबतचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा) त्याने आधीच मागवून ठेवला होता. “काका, पिन त आनलीच हाये, आता फक्त बसवून द्या,” असे त्याचे म्हणणे होते. पिन बसवणे हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे, हे त्याला पटवण्यात पहिली दुपार गेली.

एक अट कामापूर्वीच स्पष्ट करून घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल रस्त्यावरच्या वाहनात परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे हे इंजिन बसवल्यावर गाडी रस्त्यावर चालवायची नाही, मैदानापर्यंत ‘छोटा हत्ती’ टेम्पोत घालून न्यायची, हे ठरल्यावरच इंजिन टेबलावर घेतले. ‘शेतातल्या पांदणीनं नेतो’ हा पर्याय आम्ही मान्य केला नाही.

आरएक्स-१३५ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५८ मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी आहे, म्हणजे घनमाप सुमारे १३२ सीसी. रॉडचे खालचे टोक क्रँकच्या दोन चाकांमधल्या पिनवर फिरते, आणि ऑफसेट पिनमध्ये मधला भाग दोन्ही टोकांच्या केंद्रापासून २ मिमी बाहेर असतो. पिस्टन त्यामुळे २ मिमी अधिक वर आणि २ मिमी अधिक खाली जातो, स्ट्रोक ५४ मिमी होतो आणि घनमाप १४२.७ सीसीवर पोहोचते. वाढ साडेदहा सीसीची, म्हणजे आठ टक्क्यांची. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणाही जाणकाराच्या मनात येईल, कारण स्ट्रोक ५० वरच ठेवून बोअर ६० मिमी केला तरी घनमाप १४१.४ सीसी होते. क्रँकला हात न लावता जवळजवळ तेवढीच वाढ मिळते, पोर्टांच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या, वेळा बदलत नाहीत, पिस्टनचा वेगही वाढत नाही. कागदावर बोअरचा पर्याय अधिक शहाणपणाचा दिसतो, आणि पुष्कळ इंजिनांच्या बाबतीत तो तसा असतोही.

या इंजिनाने मात्र निर्णय उलटा करायला लावला. इंजिन उघडल्यावर दिसले की ब्लॉक अजून मूळ मापाचा, एकदाही बोअर न केलेला होता, तर क्रँकचे बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग) पूर्ण गेलेले होते. रॉड वर-खाली हलवला की हाताला खेळ जाणवत होता, म्हणजे क्रँक दाबून वेगळी करणे, पिन, बेअरिंग व रॉड बदलणे आणि पुन्हा सेंटरिंग (दोन्ही चाके एका अक्षात आणणे) करणे हा खर्च कोणत्याही परिस्थितीत टळणार नव्हता. साधा पिन-रॉड संच दोन हजार तीनशेला आणि ऑफसेट संच साडेचार हजारांना पडला. स्ट्रोकसाठी पिनचा जादा भार त्यामुळे बावीसशेच धरायचा. त्यात स्पेसर पट्टी व तांब्याच्या गॅस्केटचे चौदाशे, हेड पुन्हा कापण्याचे बाराशे, क्रँक केस आतून खरवडण्याचे हजार आणि तोल साधण्याचे हजार मिळवले, तर स्ट्रोकची स्वतःची किंमत सहा हजार आठशे होते, म्हणजे दर सीसीमागे साधारण साडेसहाशे रुपये. बोअर ६० करायचा तर वेगळ्या मापाचा पिस्टन, नवी स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर), त्या स्लीव्हमध्ये पोर्ट कापणे आणि हेडचे काम धरून खर्च जवळपास तेवढाच येत होता, शिवाय चांगला मूळ ब्लॉक कायमचा खर्ची पडत होता. आरएक्स-१३५ चे उत्पादन २००५ मध्ये थांबले, आणि आज मूळ ब्लॉक हातातून गेला की तसाच दुसरा मिळवायला जी किंमत मोजावी लागते ती अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

नियमांचा मुद्दाही याच बाजूने पडला. ज्या स्पर्धेचे नियमपत्रक तो घेऊन आला होता, तिच्यात त्याच्या गटाची मर्यादा १५० सीसी होती. ५४ मिमी स्ट्रोकवर पुढेमागे बोअर ५९ मिमीपर्यंत वाढवावा लागला तरी घनमाप १४७.६ सीसी राहते. ब्लॉकला अजून दोनतीन ओव्हरसाइज (बोअर वाढवण्याच्या पायऱ्या) शिल्लक राहतात आणि गटही सुटत नाही. पिन मागवण्यापूर्वीच हा हिशेब कागदावर मांडलेला असायला हवा. इथे तो नंतर मांडला गेला आणि सुदैवाने जुळला.

स्ट्रोक वाढवण्याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. शेव्हरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ ब्लॉकात, बोअर ०.०३० इंच वाढवून, ४०० घनइंची इंजिनाची ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक बसवली की ३८३ घनइंच होतात. तिथे लांब स्ट्रोकची क्रँक कारखान्यातूनच तयार येत होती, फक्त तिचे मेन जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) २.६५ वरून २.४५ इंचांवर आणायचे होते. आरएक्सला अशी दुसरी क्रँक उपलब्ध नाही, त्यामुळे तिथल्या पद्धतीचे भाग-यादीचे अनुकरण करून इथे चालत नाही, आणि आपली क्रँक आपणच प्रेसवर दाबून तयार करावी लागते.

आता या कामातला खरा मुद्दा. पिस्टन २ मिमी वर जाणार, म्हणून तो हेडवर आदळू नये यासाठी कुठेतरी २ मिमीची पट्टी घालावी लागते. ती ब्लॉकच्या खाली, क्रँक केसवर घालायची की ब्लॉकच्या वर, हेडच्या खाली, यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो, आणि बहुतेक ठिकाणी सोपे म्हणून ती डोळे झाकून खाली घातली जाते. रॉडची लांबी १०० मिमी, मूळ एक्झॉस्टची (जळालेला वायू बाहेर जाण्याच्या पोर्टची) उघडझाप क्रँकच्या फेरीतले १७० अंश आणि ट्रान्सफरची (ताजे मिश्रण आत येण्याच्या पोर्टची) १२० अंश असे हिशेबापुरते गोल आकडे धरू. पट्टी खाली घातली तर ब्लॉकसोबत पोर्टही २ मिमी वर उचलले जातात, एक्झॉस्ट १८२ अंशांपर्यंत आणि ट्रान्सफर १३८ अंशांपर्यंत उघडे राहू लागते. पट्टी वर घातली तर पोर्ट जागेवरच राहतात, आणि एक्झॉस्ट १७३, ट्रान्सफर १२८ अंशांवर थांबते. रॉडच्या वरच्या टोकाच्या पिनचे भोक २ मिमी वर असलेला पिस्टन आणून पट्टी टाळली, तरी पोर्टांचा हिशेब खालच्या पट्टीसारखाच येतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

१८२ आणि १३८ हे आकडे वाचायला जोरदार वाटतात, पण त्यांत एक खोट आहे. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंत जळालेला वायू बाहेर पडायला जी सवड मिळते, ती मूळ इंजिनात २५ अंश होती. खालच्या पट्टीने ती २२ अंशांखाली येते, कारण ट्रान्सफरची वेळ एक्झॉस्टपेक्षा जास्त वाढते. ताजे मिश्रण आत शिरायच्या वेळी सिलिंडरमध्ये अजून दाब असतो, आणि जास्त फेऱ्यांवर इंजिन गुदमरते. शिवाय ताकदीचा पट्टा अरुंद होऊन वर सरकतो, आणि तो पट्टा पकडून ठेवण्यासाठी जवळच्या गुणोत्तरांचा गिअरबॉक्स लागतो. मुलाच्या यादीत असा सोळा हजारांचा गिअरबॉक्स होताच. म्हणजे चुकीच्या जागी घातलेली एक पट्टी पुढे सोळा हजारांचे बिल तयार करत होती.

आम्ही पूर्ण २ मिमी वर घेतले आणि एक्झॉस्ट पोर्टची वरची कड १ मिमी घासून उचलली. त्याने एक्झॉस्ट १७७ अंशांवर आले, ट्रान्सफर १२८ वरच राहिले आणि मधली सवड पुन्हा जवळपास २५ अंश झाली. या मार्गाला दोन अटी आहेत. पिस्टन वरच्या टोकाला आला असता वरची रिंग ब्लॉकच्या कडेच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर ती पट्टीच्या सांध्यात अडकून तुटेल. हे आधी मोजून घेतले होते. दुसरे म्हणजे हेडखाली आता एकाऐवजी दोन सांधे येतात, म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजू पृष्ठपाटावर घासून सपाट कराव्या लागतात आणि गॅस्केट तापवून मऊ केलेल्या तांब्याचे घ्यावे लागते. या कामात घाई केलेली हेडे आम्ही नंतर पुष्कळ दुरुस्त केली आहेत.

खालच्या बाजूचा तपास तितकाच आवश्यक होता. रॉडचा मोठा डोळा आता २ मिमी बाहेरून फिरतो, त्यामुळे क्रँक केसच्या आत मुलांच्या खेळातली चिकणमाती लावून क्रँक हाताने फिरवली आणि जिथे ठसा पातळ आला तिथे केस खरवडली. पिस्टनही २ मिमी जास्त खाली येतो, म्हणून स्कर्टची खालची कड क्रँकच्या चाकांना लागत नाही ना, हे पाहिले. ऑफसेट पिन दाबण्यापूर्वी तिची दिशा चाकांवर खूण करून पक्की केली, कारण एकदा प्रेसखाली गेली की ती फिरवता येत नाही. सेंटरिंग डायलवर ०.०३ मिमीच्या आत येईपर्यंत क्रँक दोनदा प्रेसवर परत गेली. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग ५० मिमी स्ट्रोकला सेकंदाला १६.७ मीटर असतो, ५४ ला तो १८ मीटर होतो, आणि वरच्या टोकाला रॉडवर येणारा ओढा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. ही वाढ सोसायची आहे ती बेअरिंग आणि पिनला. म्हणून मुलाच्या मूळ यादीत नसलेली मेन बेअरिंग आणि ऑइल सील आमच्या यादीत सर्वांत वर गेली.

त्याची मूळ यादी कशी होती, ते आता सांगायला हवे. पिन-रॉड साडेचार हजार, पिस्टन संच चोवीसशे, एक्स्पान्शन चेंबर (दोन-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) नऊ हजार, मोठा फ्लॅट-स्लाइड कार्ब्युरेटर चौदा हजार, रीड ब्लॉक (आत येणारे मिश्रण मागे न जाऊ देणारी पाकळ्यांची झडप) साडेसहा हजार, प्रोग्रॅम करता येणारा सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) साडेनऊ हजार आणि गिअरबॉक्स सोळा हजार, असे एकसष्ट हजार नऊशे. साठ हजारांत थोडी ओढाताण करून बसेल असे त्याला वाटत होते. या यादीत डब्यातून निघणारी वस्तू होती, पण मजुरी नव्हती. क्रँक प्रेसिंग, बेअरिंग-सील, होनिंग (सिलिंडरची भिंत बारीक घासणे), पट्टी, हेड, पोर्टिंग, क्लच आणि चेनसेट मिळून आणखी सतरा हजार नऊशे होत होते, म्हणजे एकूण एकोणऐंशी हजार आठशे. बहुतेक अर्धवट पडलेली इंजिने याच दोन आकड्यांमधल्या दरीत पडून असतात. महागडा कार्ब्युरेटर कपाटात असतो आणि क्रँक पोत्यात.

आम्ही यादी खालून वर लिहिली. साठ हजारांतले नऊ हजार राखीव म्हणून बाजूला काढले आणि एक्कावन्न हजारांत काम बसवायचे ठरवले. पिन-रॉड साडेचार हजार, क्रँकचे प्रेसिंग, सेंटरिंग व तोल अठ्ठावीसशे, मेन बेअरिंग आणि सील बावीसशे, केस खरवडणे हजार, पिस्टन चोवीसशे, होनिंग सातशे, पट्टी-गॅस्केट चौदाशे आणि हेड बाराशे, असे सोळा हजार दोनशे इंजिनाच्या पोटातच गेले. पोर्टिंग आता एकाच कडेपुरते उरले होते, ते दोन हजारांत झाले. एक्स्पान्शन चेंबरवर मात्र कात्री लावली नाही, कारण दोन-स्ट्रोक इंजिनात परतणारी दाबाची लाट ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, आणि पोर्टच्या नव्या वेळांशी जुळणारे चेंबर नसेल तर वरचे सगळे काम वाया जाते. चौदा हजारांच्या कार्ब्युरेटरऐवजी २६ मिमीचा वापरलेला कार्ब्युरेटर फोमच्या फिल्टरसह साडेपाच हजारांत घेतला आणि जेटांचा (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्यांचा) संच बाराशेंत. पूर्ण रीड ब्लॉकऐवजी फक्त पाकळ्या बदलल्या, अठराशे. क्लच तीन हजार, चेनसेट बत्तीसशे, नागपूरची ये-जा आणि कुरिअर अडीच हजार. सीडीआय मूळचाच ठेवला आणि गिअरबॉक्सला हात लावला नाही. बेरीज चव्वेचाळीस हजार चारशे.

फिल्टरवरून वाद झाला, कारण त्याला उघडा बेलमाउथ, म्हणजे फिल्टरऐवजी कर्ण्यासारखे तोंड, हवा होता. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ होन केलेल्या भिंतीवर काय करते हे पंपाच्या इंजिनांत रोज दिसते, त्यामुळे या एका बाबतीत ग्राहकाची पसंती विचारली नाही.

हेडचे माप साधे होते. भूमितीय कॉम्प्रेशन गुणोत्तर १२:१ ठेवायचे तर १४२.७ ला ११ ने भागून जवळपास १३ सीसी जागा हवी, आणि ती ब्युरेटने तेल सोडून मोजली. इग्निशनच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बरेच मेकॅनिक टायमिंग डायलवर मिलिमीटरमध्ये लावतात. ठिणगी पिस्टनच्या वरच्या टोकाच्या २० अंश आधी म्हणजे ५० मिमी स्ट्रोकला १.८७ मिमी, पण ५४ ला २.०६ मिमी. जुनाच आकडा लावला तर टायमिंग जवळजवळ एक अंश मागे राहते. इंजिन बिघडत नाही, फक्त सुस्त वाटते आणि मग दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

राखीव रकमेची गरज केस धुतल्यावरच लागली. उजव्या बाजूच्या मेन बेअरिंगची बैठक सैल झालेली निघाली, बेअरिंग कधीतरी बैठकीतच फिरलेले होते. तिथे बुश टाकून पुन्हा मापात आणण्याला बत्तीसशे लागले. सुटा पिस्टन संच आणि गॅस्केट जवळ असावेत म्हणून आणखी एकोणतीसशे खर्च केले. एकूण खर्च पन्नास हजार पाचशेवर थांबला. सीडीआय किंवा गिअरबॉक्स आधी घेतला असता तर ही बैठक तशीच सैल राहिली असती, किंवा काम संक्रांतीपर्यंत लांबले असते.

इंजिन डिसेंबरच्या थंडीत सुरू झाले. पेट्रोलमध्ये ३० ला १ या प्रमाणात टू-टी तेल मिसळले, तीनदा तापवून पूर्ण थंड होऊ दिले आणि प्रत्येक वेळी हेडचे नट पुन्हा कसले. मेन जेट मुद्दाम मोठा लावून, प्लगचा रंग पाहत, एकेक पायरी खाली आणला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेत जास्त इंधन लागते, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांच्या वहीतले जेटांचे आकडे आज तसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे. इंजिन ६००० फेऱ्यांपासून मोकळे ओढू लागले आणि ९५०० च्या पुढे न नेण्याचे ठरले.

नंतर मे महिन्यात तीच गाडी सरावासाठी काढली तेव्हा मुलगा तक्रार घेऊन आला, की डिसेंबरात होती ती ओढ राहिली नाही. इंजिनात दोष काहीच नव्हता. पहाटेच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा दुपारच्या ४५ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. स्ट्रोक वाढवून कमावलेले आठ टक्के विदर्भातली मेची दुपार सव्याज वसूल करते. जेट एक पायरी लहान केल्यावर धूर कमी झाला आणि इंजिन हलके फिरू लागले, पण तो जेट वेगळ्या डबीत ठेवून डबीवर महिना लिहायला लावले. हाच लहान जेट थंडीत राहिला तर मिश्रण कोरडे (इंधन कमी, हवा जास्त) पडेल आणि पिस्टन सिलिंडरमध्ये पकडेल.

उरलेल्या साडेनऊ हजारांत सीडीआय घ्यावा असा त्याचा विचार आहे. आमचा सल्ला वेगळा आहे. स्पर्धेचा हंगाम संपला की ब्लॉक उतरवून बिग एंडचा खेळ आणि क्रँकचे सेंटरिंग पुन्हा डायलवर पाहायचे. आकडे ०.०३ च्या आत असले तर सीडीआय घ्यावा, नसले तर पैसे पुन्हा पिन-बेअरिंगला जातील.